पिवळं कार्ड

सकाळी सातला सुहासचा फोन आला.
येरळंला टेंभूचं पाणी सुटल्यालं,
म्हस डोहातनं उठंना, मी काठावर काठी घिऊन.
आण्णा, म्हणाला, विमान दोन तासानं हाय.
मागनं कोण बाई बोलत व्हती,
आधी आरबीत, मग इंग्लिशमधी.
त्या येवढ्या मोठ्या जागंत मराठी
ह्यो एकलाच.

तीन वर्सं शारजात काढली त्यानं.
तिथं निम्मं विटं हाय.
लेंगऱ्याचा नाष्टावाला, बामणीचा खोलीमालक,
गणपतीच्या आरतीला साठ-सत्तर मानसं.
मला वाटायचं परदेस म्हंजी
आपलाच तालुका, निस्तं ऊन जादा.

आता शेठ म्हणतोय, घानाला जा.
तिकडं सोनं जिमिनीतनंच निघतं,
भट्टी टाकायची, तू म्होरं हो,
आमी मागनं येतो.
"मागनं येतो" मी बी ऐकलंय, बेचाळीस वर्सांमागं.
आजून कोण आलं न्हाय.

पासपोर्ट घेतलास?
घेतला.
स्वेटर?
आण्णा, तिथं थंडी नसती.
सुई टोचलीस?
टोचली, पिवळ्या तापाची. पिवळं कार्ड दिलंय,
ते दावल्याबिगर आत घेत न्हाईत.

मग दोघं बी गप.
म्हशीनं कान हलवला.

माझ्या येळला कार्ड कुटलं?
तेजाबानं पिवळी झाल्याली बोटं बघून
सराफ दुकानात घ्यायचा, टंच करायला डाग द्यायचा.
आता पिवळेपणा गेलाय, आनि ठसा बी गेलाय.
रेशनच्या यंत्रावर आंगठा दाबतो, दाबतो,
यंत्र म्हणतं, ह्यो कोण मानूस?

आण्णा, भ्या वाटतंय.

सत्तावीस वर्सांचं पोरगं.
बारकं असताना इचू हातात धरलं व्हतं त्यानं.
मला म्हणायला पायजे व्हतं,
आरं, वाघासारखं ऱ्हा, रेवणसिद्ध हाय पाठीशी.
तोंडातनं भलतंच निघालं.

कारैकुडीला पैल्या राती, म्हणालो,
मला पाणी मागता आलं न्हाय.
चौदा वर्सांचा मी, धा घरं फिरलो,
शेवटी एका दारात ओंजळ धरली,
अशी, तोंडाला लावून दावली.
म्हातारीनं आत जाऊन
त्या ओंजळीत धा पैसं टाकलं.

लांबनं हसला तो.
मग म्हणाला, मग?
मग काय. ते घिऊन नळावर गेलो,
रडलो, पाणी प्यालो, नि सकाळी मामाच्या भट्टीवर
धम्मन मारायला बसलो.
तुज्या आईला म्हाईत न्हाय ह्ये.

त्ये नाणं?
हाय. देव्हाऱ्यात. देवामागं.

बाईनं परत काय तर सांगितलं.
त्यो घाईनं म्हणाला,
मी बघून ठेवलंय आण्णा, तिकडं पाण्याला
न्सुओ म्हणत्यात.
काय?
न्सुओ.
परत म्हण.
न्सु... ओ.
फोन कट झाला.

माझी जीभ वळंना.
चौथीपतोर शिकल्याली जीभ,
तमिळ, कन्नड, थोडी बंगाली वितळवून प्याल्याली,
ह्या एका शब्दाला आडली.
"न" म्हणावं तर "सु" म्होरं पळतंय.
कोण बघत नव्हतं म्हणून बरं.

त्यो उतरंल तवा तिकडं दुपार,
इकडं धारंची येळ.
दिसभर काय सुचलं न्हाय.
सुहासच्या आईनं तीनदा इचारलं, पोचला का?
मी तीनदा म्हणालो, आजून हवंतच आसंल.

सांजंला म्हशीपुढं बादली ठेवली.
न्सुओ, म्हणालो.
तिनं माझ्याकडं बघितलं,
मग बादलीकडं,
मग मान घातली.

फोन आजून आल्याला न्हाय.